सर्व्हर कुणाच्या भरवशावर?

१० ऑक्टोबर २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ आणि त्याच्या आर२ आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. भोसरीच्या एमआयडीसीत त्या दिवशी काहीही झालं नाही. टॅली उघडत होतं, चलनं छापली जात होती, सर्व्हरचा पंखा रोजच्यासारखा घोंघावत होता. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. नव्याने सापडलेल्या भोकांवर ठिगळं यायची थांबतात, आणि न आलेलं ठिगळ कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. असे सर्व्हर मग वर्षानुवर्षं तसेच चालत राहतात, हार्डडिस्क कुरकुरायला लागेपर्यंत.

ट्रॅक्टरसाठी बुश आणि पिना बनवणाऱ्या एका कारखान्यात ती कुरकुरली. हार्डवेअरवाल्याचं कोटेशन आलं, आणि त्यावरून घरातच जुंपली. काका कंपनीचे संचालक, साठी ओलांडलेले, खरेदी आणि हिशेब त्यांच्याकडे. पुतणी हिंजवडीत लिनक्सचे सर्व्हर सांभाळते. मी कंपनीचा सीए, ऑडिटच्या कागदांसाठी आलो होतो आणि कागद निघेपर्यंत ऐकत बसलो. नावं गाळली आहेत. अशी जोडी तुम्हाला चाकणला, अंबडला, शिरोलीला, कुठेही भेटेल.

काका : हे बघ. सर्व्हर वेगळा, विंडोजचं लायसन्स वेगळं, आणि खाली ही कॅल. कॅल म्हणजे काय हे मी त्याला तीनदा विचारलं. दर वेळी त्याने आकडाच सांगितला.

पुतणी : सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक मशीनमागे लागणारी परवानगी. विंडोज सर्व्हर विकत घेतला म्हणजे अख्ख्या ऑफिसला तो वापरता येतो असं नाही. सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. तुमच्या मशीनला आठच कोअर असले तरी किमान १६ चे पैसे. त्यावर माणसागणिक कॅल. घरून रिमोट डेस्कटॉपने काम करायचं तर त्याची कॅल आणखी वेगळी. आणि २०१२ ची कॅल २०२२ ला चालत नाही.

काका : तो म्हणाला, लहान धंद्यांसाठी एसेन्शियल्स म्हणून एक आवृत्ती आहे, तिला कॅल लागतच नाही.

पुतणी : खरं आहे. २५ माणसं आणि ५० मशीनपर्यंत. आपल्याकडे ऑफिस, स्टोअर, क्वालिटी, डिझाइन धरून लॉगिन तिसाच्या वर आहेत.

काका : मग आतापर्यंत कसं चाललं?

पुतणी : आतापर्यंत कॅल घेतल्याच नव्हत्या, काका. आणि डिझाइनच्या दोन मशीनवरचं विंडोज कुठून आलंय, ते तुम्ही मला विचारू नका.

इथे काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फायलीत डोकं घातलं. लिनक्सच्या बाजूने बोलणारे लोक ही गोष्ट सहसा विसरतात, म्हणून सांगतो. आपल्या औद्योगिक वसाहतींत लिनक्सची खरी स्पर्धा विंडोजच्या लायसन्सशी नाहीच. ती आहे क्रॅकशी. गल्लीतला पोरगा पेनड्राइव्ह लावतो, दोन बटणं दाबतो, काम झालं. तेव्हा ‘लिनक्सला पैसे पडत नाहीत’ हे ऐकून मालक मनात म्हणतो, विंडोजला तरी कुठे पडतात? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी मध्ये जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिला आहे. न्यायालय कैद माफ करू शकतं, पण वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल तरच. कारखान्याला ती पळवाट नाही.

काका : बरं, ते सरळ करू. म्हणूनच तर कोटेशन मागवलं ना! पैसे देतो, पण मग मला कुणाला तरी धरता येतं. तुझ्या लिनक्सचा मालक कोण? उद्या काही झालं तर मी फिनलंडला फोन लावू?

पुतणी : लिनक्स लिहिणारा आता अमेरिकेत राहतो. पण तुम्ही विंडोजचा करार वाचलाय का? नुकसान झालं तर तुम्ही भरलेल्या रकमेपुरतीच भरपाई, त्यापुढची जबाबदारी नाही. तुमचा महिन्याचा माल अडकला, दंड लागला, गिऱ्हाईक गेलं, त्यातलं काही त्यांच्या खात्यात जात नाही. लिनक्सचा परवाना सरळच म्हणतो की हमी नाही. धरायला दोन्हीकडे कुणी नाही. सपोर्ट विकत मिळतो, तो दोन्हीकडे मिळतो. रेड हॅट तोच विकते, आणि आयबीएमने २०१९ मध्ये ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली, ते काही समाजसेवा म्हणून नाही.

काका : रेड हॅटचं नाव काढलंस ते बरं केलंस. त्या सेंटओएसचं काय झालं? आपल्या वेंडरकडे सगळं त्यावर होतं. म्हणत होता, आयुष्याची काळजी मिटली.

काकांना हे माहीत असेल असं पुतणीला वाटलं नव्हतं. मलाही नाही. सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्याच कोडवरून बांधलेली, पैसे न पडणारी जुळी आवृत्ती. २००४ पासून जगभरच्या होस्टिंग कंपन्या, विद्यापीठं आणि छोटे धंदे तिच्यावर बिनघोर होते. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत ठिगळं मिळतील असं सांगितलं गेलं होतं. ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की ते २०२१ च्या अखेरीसच संपणार. आठ वर्षांचा शब्द एका वर्षावर आला.

पुतणी : वाईट झालं. लोक संतापले, आणि बरोबरच होतं. पण पुढचंही सांगा ना. कोड उघडा होता. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स तयार, जूनमध्ये रॉकी लिनक्स तयार. रॉकी काढणारा तर सेंटओएसच्या संस्थापकांपैकीच एक. लोकांनी एक स्क्रिप्ट चालवली आणि त्याच मशीनवर, त्याच डेटासकट, पलीकडे गेले. विंडोज सर्व्हर २०१२ चा सपोर्ट संपला तेव्हा तो पुढे चालवणारी दुसरी कंपनी उभी राहिली का? राहूच शकत नाही.

काका : म्हणजे तुमच्याकडे घर सोडायला लावतात, पण शेजारी घर मिळतं.

पुतणी : हो, आणि सामान आपलंच राहतं.

काका : पण मुदतीचं काय? विंडोज सर्व्हरला दहा वर्षं मिळतात. तू लावायचं म्हणतेस त्या डेबियन लिनक्सला?

पुतणी : तीन वर्षं पूर्ण, पुढची दोन धरून पाच. दहा हवी असतील तर अल्मा घेऊ.

हा प्रश्न काकांनी उगाच विचारला नव्हता. कारखान्यात मशीनचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं धरतात, आणि पाच वर्षांनी पाया बदलायचा म्हटलं की माणूस बिचकतो. डेबियनची एक आवृत्ती दुसरीवर चढवणं कठीण नसतं, पण ते कुणीतरी करावं लागतं, आणि ‘कुणीतरी’ ह्या शब्दावर लहान धंद्यात सगळी गाडी अडते. तिकडे येईनच.

मधल्या वेळात दोघांनी मोठमोठी उदाहरणं एकमेकांवर फेकली. पुतणीने सांगितलं की नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं एकूण एक मशीन लिनक्सवर चालतं, पाषाणच्या हवामान संस्थेतला प्रत्यूषसुद्धा त्यातलाच होता. काका म्हणाले, मला पाऊस मोजायचा नाही, पिना मोजायच्या आहेत. काकांनी म्युनिक शहराचं नाव काढलं, तिथल्या पालिकेने दहा वर्षं खपून सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. पुतणी म्हणाली, ते टेबलावरचे कॉम्प्युटर होते, आपण सर्व्हरचं बोलतोय. तिचं म्हणणं रास्त होतं. ऑफिसातल्या क्लार्कसमोर लिनक्स ठेवणं आणि कपाटातल्या सर्व्हरवर लिनक्स ठेवणं ह्या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली अनेक जण हरले आहेत. दुसरीत मायक्रोसॉफ्टने स्वतःच तह केला आहे: त्यांचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर चालतो.

लंडनच्या शेअर बाजाराचं उदाहरण मात्र जरा थांबून ऐकण्यासारखं होतं.

पुतणी : त्यांनी २००७ मध्ये ट्रेडइलेक्ट नावाची यंत्रणा आणली, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर उभारलेली. ८ सप्टेंबर २००८, सोमवार. आदल्याच दिवशी अमेरिकन सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक ह्या गृहकर्जाच्या कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या, सगळ्या जगाला सौदे करायचे होते, आणि लंडनचा बाजार सुमारे सात तास ठप्प. पुढच्या वर्षी त्यांनी श्रीलंकेतली मिलेनियम आयटी ही कंपनीच विकत घेतली, सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तिची लिनक्सवरची यंत्रणा चालू केली.

काका : आणि मग बाजार कधीच बंद पडला नाही.

पुतणी : त्याच महिन्याच्या २५ तारखेला पडला. चारेक तास.

काका : बघ!

हसले दोघंही. दोन्ही वेळा सगळा दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या माथी मारता येत नाही. पण बाजाराने हा अनुभव येऊनही लिनक्स सोडलं नाही, कारण वेग हवा होता आणि ज्या कंपनीने कोड लिहिला ती आता त्यांच्या घरात होती. काकांच्या घरात तशी कंपनी नाही, एक पुतणी आहे. मुद्दा तिथेच येणार होता, पण त्याआधी व्हायरसचं प्रकरण निघालं. ते निघतंच.

पुतणी : २७ जून २०१७. युक्रेनमध्ये टॅलीसारखा एक हिशेबाचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या आला. जहाजांच्या मेर्स्क कंपनीची जगभरची मशीनं तासाभरात गेली. न्हावाशेवाला जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल अडकलं, आठवतंय?

काका : आठवतंय तर! पेपरातच आलं होतं.

पुतणी : त्यांचे सगळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कुणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर, पुसले गेले. एक वाचला, घानामधला, कारण तिथे त्या वेळी लाइट गेली होती.

काका : म्हणजे महावितरणने वाचवलं म्हण की! पण मला सांग, तुमच्याकडे असं होत नाही? मी वाचलंय, मागे लिनक्समध्येही कुणीतरी चोरदार ठेवलं होतं.

पुतणी : एक्सझेड. मार्च २०२४. कुणा टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं खपून, मदत करत करत, विश्वास कमावला आणि एका छोट्या प्रोग्रॅममध्ये दार ठेवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोदत गेला आणि सापडलं. कोड उघडा नसता तर सापडलं नसतं.

काका : आणि तो अर्ध्या सेकंदाला चिडणारा माणूस नसता तर?

पुतणी : तरी कदाचित सापडलं नसतं.

तो माणूस मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी होता, हे पुतणीने सांगितलं नाही. मी सांगितलं. काकांना ते फार आवडलं.

सुरक्षेवरची ही चर्चा तासभर चालू शकते आणि तिच्यातून भोसरीतल्या कारखान्याच्या हाती काही पडत नाही. उघडा कोड आणि बंद कोड, दोन्हीत भोकं निघतात. फरक पडतो तो ठिगळ कुणी, किती दिवसांत लावलं ह्याने. नॉटपेट्या ज्या भोकांतून पसरला त्यांतल्या मुख्य भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे तीन महिने आधी दिलं होतं. काकांच्या सर्व्हरवर ते होतं का, हे सांगू शकेल असा माणूस त्या इमारतीत नव्हता.

काका : आता माझं ऐक. इंद्रायणीनगरच्या कोपऱ्यावर विंडोजचा पोरगा मिळतो. फोन केला की मोटारसायकलवर येतो, रिस्टार्ट करतो, पाचशे रुपये घेतो, जातो. तुझा लिनक्सवाला कुठे मिळतो?

पुतणी : हिंजवडीत, खराडीत, हवे तेवढे.

काका : तो भोसरीत येईल?

पुतणी : यायची गरजच नाही. घरबसल्या एसएसएचने बघेल.

काका : आणि नेट बंद असेल तेव्हा? गुरुवारी लाइट नसते तेव्हा? त्याला पगार किती? माझ्या अकाउंटंटच्या दुप्पट. आणि तो कशाला थांबेल माझ्याकडे? वर्षाने दुसरीकडे गेला की माझ्या हातात काय, काळा पडदा आणि चमकणारी एक रेघ. मागच्या पोराने राउटरचा पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. तो सोडून गेला, आम्ही राउटर फेकून नवा आणला. सर्व्हर कसा फेकू? आणि तुझ्या भरवशावर म्हणशील, तर उद्या लग्न करून तू बंगळूरला गेलीस की?

पुतणी : लग्नाचं सोडा. नुसती डेंग्यूने आठ दिवस पडले तरी तेच.

तिने हे पटकन मान्य केलं, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. लिनक्स न घेण्याचं हे एकच कारण मला खरोखर वजनदार वाटतं. बाकीची बहुतेक भीती ऐकीव असते. लायसन्सचा खर्च दिसतो, त्याचं बिल येतं, त्यावर जीएसटी असतो. एका माणसाच्या डोक्यात साठलेल्या माहितीचं बिल येत नाही, आणि तो माणूस गेला की ते एकदम येतं. ज्या धंद्यांनी लिनक्स लावून पुढे पस्तावा केला, त्यांतले मी पाहिलेले जवळजवळ सगळे इथेच फसले. हुशार पोरगा आला, त्याने उत्साहाने सगळं उभं केलं, काही लिहून ठेवलं नाही, आणि गेला.

पुतणी : पण पाचशे रुपयांचा पोरगा तुम्हाला काय देतो ते बघा. रिस्टार्टने दुखणं जातं, कारण कळत नाही. परवा कोटेशनचं अख्खं फोल्डर उडालं, तेव्हा त्याने काय केलं?

काका : म्हणाला, नेटवर्कवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही.

पुतणी : बरोबर म्हणाला. पण विंडोज सर्व्हरमध्येही जुन्या प्रती राखायची सोय आहे, ती त्याने कधी चालू केली नव्हती. लिनक्सवर हेच काम सांबा करतं. त्यात चार ओळी टाकल्या की पुसलेली प्रत्येक फाईल शेअरमधल्याच एका फोल्डरमध्ये जाऊन पडते, कुणी पुसली त्याच्या नावाने. आणि त्या चार ओळी दिसतात. सांबाची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. छापा, वहीत चिकटवा. उद्या येणारा माणूस ती वाचून समजून घेईल की कोणतं फोल्डर कुणाला उघडतं.

न्यायाने सांगायचं तर विंडोजवरही हे सगळं पॉवरशेलने लिहून ठेवता येतं. पण खिडकीत टिचक्या मारून काम होत असलं की कुणी लिहीत नाही. लिनक्सवर लिहिल्याशिवाय काम होतच नाही, म्हणून निदान तेवढा कागद मागे उरतो. सांबाची गोष्टही गमतीची आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास तारेवरून जाणारी माहिती न्याहाळून, कागदपत्रं हाती नसताना, विंडोजच्या फाईल शेअरिंगची भाषा उलगडली. युरोपच्या न्यायालयात मायक्रोसॉफ्ट हरल्यावर डिसेंबर २००७ मध्ये ती कागदपत्रं सांबाच्या मंडळींना १० हजार युरो भरून मिळाली. आज क्लार्कच्या विंडोजला पलीकडचा सर्व्हर लिनक्स आहे हे कळतही नाही. झेड ड्राइव्ह तोच, आयकॉन तोच.

मग काका उठले आणि आम्हाला शॉपवर घेऊन गेले. तेलाचा वास, कूलंट उडू नये म्हणून पत्र्याचा आडोसा, आणि त्यामागे एक जुनं व्हीएमसी मशीन. त्याच्या कंट्रोलरचा पडदा पिवळटला होता. खाली विंडोज एक्सपी.

काका : ह्याला नवा सर्व्हर दिसला पाहिजे. डिझाइनवाले प्रोग्रॅम तिथे टाकतात, हा तिथून उचलतो. मशीनवाला म्हणतो, कंट्रोलर बदलायचा तर मशीनच बदला.

पुतणी : एक्सपीला फाईल शेअरिंगची फक्त जुनी भाषा येते, एसएमबी १. नव्या विंडोज सर्व्हरवर ती मुळातच बंद असते. सांबातही २०१९ च्या ४.११ पासून बंद. दोन्हीकडे उघडता येते, पण मुख्य सर्व्हरवर उघडायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय तिथूनच शिरला होता.

काका : मग पेनड्राइव्ह?

पुतणी : पेनड्राइव्हने मागे शॉर्टकटचा व्हायरस आला होता ना? नको. मध्ये एक छोटं मशीन ठेवू, दोन नेटवर्क कार्डांचं. एका बाजूला फक्त हा एक्सपी. दुसऱ्या बाजूला मुख्य सर्व्हर. दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅमचं फोल्डर इकडून तिकडे कॉपी, बाकी काही नाही. एक्सपीला काही लागलं तरी ते त्या डब्यापाशी अडकेल.

काका : म्हणजे अजून एक सर्व्हर.

पुतणी : अजून एक जुना कॉम्प्युटर. स्टोअरमध्ये तीन पडलेत. लिनक्सला दुसऱ्या मशीनचं लायसन्स लागत नाही, तिसऱ्याचंही नाही.

माझ्या मते सगळ्या वादात हे सर्वांत मोलाचं वाक्य होतं, आणि ती ते बोलून पुढे गेली. पहिल्या सर्व्हरवर लायसन्सचे पैसे वाचतात हे सगळेच सांगतात. पण धंद्याला खरा उपयोग होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्व्हरचा: एक जुनाट मशीन वेगळं पाडायला, एक अपडेट आधी करून बघायला, आणि एक बॅकअप उतरवून बघायला. प्रत्येक जादा मशीनमागे कोटेशन मागवावं लागलं की ती मशीनं होतच नाहीत. लहान कारखान्यांतून मी ‘बॅकअप आहे’ हे वाक्य कायम ऐकतो. तो रिकाम्या मशीनवर उतरवून कुणी पाहिलाय का, ह्याला उत्तर सहसा येत नाही. खासगी कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे, १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्त्यांचा माग राहणंही. सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला ६ तासांत कळवायचा आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. कायद्याला तुमची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती ह्याच्याशी देणंघेणं नाही. नोंदी दाखवा, एवढंच.

काका : टॅलीचं काय? टॅली लिनक्सवर चालत नाही. ते मला माहीत आहे.

पुतणी : नाही चालत, आणि मी ओढूनताणून चालवणारही नाही. डेटा सांबावर ठेवता येईल, पण उद्या एक व्हाउचर बिघडलं की टॅलीवाला पहिलं वाक्य म्हणेल, विंडोजवर आणा मग बघतो. टॅली विंडोजच्या एका मशीनवर राहू दे, अस्सल लायसन्स घेऊन. हजेरीचं थंब मशीनही तिथेच. रोज रात्री त्यांचा बॅकअप लिनक्सवर येईल.

काका : म्हणजे विंडोज जात नाहीच.

पुतणी : जिथे लागतं तिथे राहतं. फाईल सर्व्हर, बॅकअप, आणि पुढे जॉबवर्कसाठी ईआरपी घ्याल तेव्हा तो, हे लिनक्सवर. ईआरपीनेक्स्ट मुंबईतल्याच कंपनीचा आहे, उघड्या कोडचा, मुळात लिनक्सवरच चालतो.

काका : ठीक. पण माझ्या दोन अटी. पहिली, काम तू करायचं नाहीस.

पुतणी : मी?

काका : तू. घरच्या माणसाकडून फुकट काम करून घेतलं की ते कधीच पुरं होत नाही, आणि त्याला बोलताही येत नाही. बाहेरच्या माणसाशी एएमसी करू. तू फक्त त्याचं काम तपासायचंस. दुसरी अट, सगळं वहीत. रूटचा पासवर्ड पाकिटात, पाकीट तिजोरीत, किल्ली माझ्याकडे. आणि तो पहिला हप्ता मागेल त्याआधी स्टोअरमधल्या एका रिकाम्या मशीनवर गेल्या आठवड्याचा बॅकअप माझ्यासमोर उतरवून दाखवेल. कोटेशनचं फोल्डर मी स्वतः उघडून बघणार.

पुतणी : ह्या अटी तुम्ही विंडोजवाल्याला कधी घातल्या होत्या?

काका : नाही. त्याला लायसन्सचे पैसे दिले होते ना, वाटलं त्यात सगळं आलं.

त्या उत्तरासाठी मी काकांना पूर्ण गुण देतो. पुतणीच्या यंत्रज्ञानापेक्षा काकांच्या ह्या दोन अटींवर तो सर्व्हर जास्त टिकेल. आणि दुकानातून आलेल्या पाकीटबंद विंडोजवर त्या अटी घालायचं त्यांना सुचलं नसतं, हेही तितकंच खरं.

आता सीए म्हणून माझं मत. कोटेशनमधली लायसन्स आणि कॅलची रक्कम वाचली म्हणून काकांनी ती नफ्यात धरू नये. ती पूर्णच्या पूर्ण देखभालीच्या खात्यात, दर वर्षी, खर्ची पडली पाहिजे. लिनक्स घेऊन ती रक्कम कुणी खिशात टाकणार असेल, तर त्याने विंडोजचं लायसन्सच घेतलेलं बरं. ह्या कारखान्याच्या देखभाल खात्यात ज्या वर्षी शून्य दिसेल, त्या वर्षी मी ताळेबंदावर सही करण्याआधी तिजोरीतलं पाकीट आणि ती वही मागणार आहे.